गुजर म्हणजे नेमके कोणते?

नेसरीच्या खिंडीत, कानडेवाडीजवळच्या स्मारकापाशी, गुजर आडनावाचा पाहुणा आला की ठरलेलं वाक्य निघतं: "म्हणजे प्रतापरावांच्याच घराण्यातले की तुम्ही!" पाहुणाही मान डोलावतो. एवढा मोठा पूर्वज फुकटात मिळत असेल तर नको कोण म्हणेल?

आधी खुद्द शिवाजी महाराजांचे सेनापती प्रतापराव यांचं बघू. गडहिंग्लज भागात पुष्कळांना ते इथलेच वाटतात. त्यांचं गाव भोसरे, सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यातलं. नेसरीशी त्यांचं नातं मरणाचं. उमराणीला १६७३ साली कोंडीत सापडलेल्या विजापूरच्या बहलोलखानाला त्यांनी सोडून दिलं, महाराजांचा रोष ओढवून घेतला आणि २४ फेब्रुवारी १६७४ला त्याच खानावर इथे तुटून पडले. महाराजांचा राज्याभिषेक साडेतीन महिन्यांवर आला होता. 'प्रतापराव' हेही पाळण्यातलं नाव नव्हे, तो किताब. नाव कुडतोजी. त्यांच्यामागून सेनापती झालेले हंसाजी मोहिते असेच 'हंबीरराव' झाले. म्हणजे 'प्रतापराव गुजर' या दोन शब्दांत घरून आलेला शब्द एकच, गुजर. आणि घोटाळा आहे तो त्याच शब्दात.

गुजर म्हणजे गुजराती, हा सर्रास समज. त्याला थोडा आधार आहे, कारण पूर्वी गुजराती व्यापाऱ्याला लोक गुजर म्हणत. कोल्हापुरात सोनं घ्यायला आपण गुजरीत जातो, आणि विदर्भात तर रोजच्या भाजीबाजारालाही गुजरी म्हणतात. पण खानदेशात गुजर हे एका शेतकरी समाजाचं नाव आहे. तिथला गुजर बहुतेकदा आडनाव पाटील किंवा चौधरी लावतो. उत्तरेत जम्मूच्या डोंगरात गुरं घेऊन फिरणारे गुज्जर आणखी वेगळे. आणि भोसऱ्याचे गुजर मराठा. शब्द एक, कुळं अनेक.

उलटंही घडलं आहे, रक्त एक आणि ओळख वेगळी. १७०० साली औरंगजेबाच्या छावणीत शाहूंवर धर्मांतराची वेळ आली, तेव्हा त्यांच्याऐवजी प्रतापरावांचे पुत्र खंडोजी मुसलमान झाले, अशी हकिकत आहे. याच घरातली जानकीबाई राजाराम महाराजांना दिलेली. एका सेनापतीची मुलगी छत्रपतींची राणी आणि मुलगा मुसलमान! आडनावावरून धर्म ओळखणाऱ्यांनी इथे जरा थांबावं.

मराठी आरमाराचे सिधोजी गुजर हेही प्रतापरावांचे चिरंजीव असल्याचं छातीठोकपणे सांगितलं जातं. आडनाव जुळलं एवढ्यावर मुलगा ठरत नाही. आणि जन्माचं आडनाव टिकतंच असंही नाही. नागपूरच्या गादीवर १८१८ साली बसलेले तिसरे रघुजी भोसले जन्माने बाजीबा गुजर. दुसऱ्या रघुजींची मुलगी बानूबाई गुजरांकडे दिली होती, तिचा हा मुलगा दत्तक गेला आणि भोसले झाला. १८५३ साली ते वारसाविना गेले, आणि पुढच्या वर्षी इंग्रजांनी राज्य खालसा केलं. आता यांना वंशावळीत कुठे मांडायचं, ते ज्याचं त्याने ठरवावं.

हा खेळ काही आपलाच नाही. जपानात सामान्य माणसाला आडनाव लावणं १८७५ साली कायद्याने सक्तीचं झालं. तिथलं अगदी सार्वत्रिक आडनाव तानाका, अर्थ भातशेताच्या मध्ये. अर्थातच तानाका गावोगाव. १९७२ साली पंतप्रधान झालेले काकुएई तानाका निगाताचे, २००२चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळवणारे कोइची तानाका तोयामाचे. नेसरीच्या भाताच्या खाचरांत उभं राहून हे आडनाव चटकन समजतं. दोन गावांतल्या दोन खाचरांना भाऊबंद कोण म्हणेल?

राहिले प्रतापरावांबरोबर खिंडीत पडलेले सहाजण. कुसुमाग्रजांच्या कवितेने आणि लताबाईंच्या आवाजाने सातांचा आकडा घरोघरी पोचवला, म्हणून तो कवीच्या मनातला, असं काही हुशार लोक म्हणतात. तसं नाही. इंग्रजांचा वकील नारायण शेणवी याने एप्रिल १६७४मध्ये रायगडाहून लिहिलेल्या पत्रात, दोन डोंगरांमधल्या अरुंद वाटेत प्रतापराव आणखी सहा घोडेस्वारांसह पडल्याची बातमी आहे. त्या सहांची नावं मात्र त्यात नाहीत. आज जी यादी सांगितली जाते ती परंपरेने आलेली. ती आदराने वाचावी, पण तिच्यातलं आडनाव आपलं आहे म्हणून लगेच वारस होऊ नये.

तुमच्या घरात कुणी 'आम्ही त्यांचेच' म्हणत असेल तर वतनाचे कागद काढा. माळ्यावर मोडीचं बाड असेल तर वाळवी लागण्याआधी जाणकाराला दाखवा, नाहीतर कोल्हापूरचं पुराभिलेखागार गाठा.