समुद्राला उतार कुठला?

बीड जिल्ह्यातील केज तालुक्यातले युसूफ वडगाव हे गाव. इथून समुद्र सरळ रेषेत मोजला तरी साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. तिथे शिक्षक आणि अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांशी गप्पा मारण्यासाठी आम्ही गेलो होतो. विषय ठरला होता गुरुत्वाकर्षण. पण एका मुलाने मोबाइलवर पाहिलेली एक चित्रफीत मध्येच आणली आणि गाडी दुसऱ्याच रुळावर गेली.

चित्रफीत होती स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील बेटांमधली. एक लांबट, अरुंद, वरून झाकलेली होडी. तिला कयाक म्हणतात. आत एकच माणूस, त्याच्या हातात दोन्ही टोकांना पाते असलेले वल्हे. आणि होडीभोवती समुद्र चक्क पुरात आलेल्या नदीसारखा धावत होता. भोवरे होते, एकाच जागी उभ्या राहिलेल्या लाटा होत्या. मुलाने विचारले, "सर, पाणी उताराला वाहतं. मग समुद्राला उतार कुठला?"

प्रश्न फार चांगला होता. भरती-ओहोटी म्हणजे पाणी वर चढणे आणि खाली उतरणे, असे आपण शिकवतो. पाणी आडवे वाहते हे सांगायचे राहूनच जाते.

एक शिक्षक म्हणाले, "आमच्या मुलांना समुद्र दिसतो तो सहलीत. तेवढ्यापुरतं कशाला?" खरे तर तेवढ्यासाठीच हे समजून घ्यायला हवे. १ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी मुरूडच्या समुद्रात बुडाले. किनाऱ्यावर राहणाऱ्यांना पाण्याचे वेळापत्रक अंगवळणी पडलेले असते. धोका असतो तो आपल्यासारख्या देशावरून जाणाऱ्यांना.

उतार तयार होतो कसा?

चंद्राकडे तोंड करून असलेल्या बाजूच्या पाण्यावर चंद्राची ओढ थोडी जास्त असते, पृथ्वीच्या मध्यावर त्याहून कमी आणि पलीकडच्या बाजूला सर्वांत कमी. या फरकामुळे महासागराला दोन बाजूंना फुगवटे येतात. पृथ्वी फिरत राहते आणि साधारण १२ तास २५ मिनिटांनी किनाऱ्यावर पुन्हा भरती येते. सूर्यही असाच परिणाम करतो. पौर्णिमा-अमावास्येला दोघांचे परिणाम एकमेकांत मिळतात तेव्हा उधाणाची भरती येते. अष्टमीच्या सुमारास ते एकमेकांना छेद देतात तेव्हा भांगाची.

मग केज तालुक्यातल्याच धनेगावच्या मांजरा धरणात भरती का दिसत नाही? चंद्र तर तोच आहे. कारण असे, की जलाशयाच्या एका टोकाला आणि दुसऱ्या टोकाला चंद्राची ओढ जवळजवळ सारखीच असते, आणि बाहेरून पाणी येऊन फुगवटा तयार व्हायला जागाच नाही. भरतीसाठी महासागराएवढा पसारा लागतो.

महासागरातला हा फुगवटा किनाऱ्याकडे येतो तेव्हा बेटे, खाड्या आणि आखाते यांना अडखळत येतो. स्कॉटलंडमध्ये जुरा आणि स्कार्बा या बेटांमध्ये सुमारे एक किलोमीटर रुंदीची फट आहे. तिचे नाव कोरीव्रेकन. फटीच्या पश्चिमेला मोकळा अटलांटिक, तर पूर्वेला जुराची चिंचोळी सामुद्रधुनी. दोन्हीकडे पाणी एकाच वेळी आणि सारखेच चढत नाही. म्हणून एका बाजूची पातळी दुसरीपेक्षा वर राहते. विद्यार्थ्याने विचारलेला उतार तो हाच.

एवढ्याशा फरकाने काय होणार, असे वाटेल. गणित करून पाहू. घर्षण सोडून दिले तर h उंचीवरून घसरलेल्या पाण्याचा वेग २gh च्या वर्गमुळाइतका असतो. h एक मीटर धरले तर वेग येतो सेकंदाला ४.४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १६ किलोमीटर. कोरीव्रेकनमधला सर्वाधिक वेग साडेआठ नॉट, म्हणजे जवळजवळ तेवढाच सांगितला जातो. त्यातच समुद्रतळातून वर आलेला एक सुळका पृष्ठभागापासून सुमारे ३० मीटर खोलीपर्यंत पोचतो. त्याला धडकून पाणी उसळते आणि भोवरे पडतात.

इंग्रज लेखक जॉर्ज ऑर्वेल जुरा बेटावर राहून '१९८४' ही कादंबरी लिहीत होते. ऑगस्ट १९४७ मध्ये ते आपल्या तीन वर्षांच्या मुलाला आणि भाचरांना घेऊन लहान मोटरबोटीतून तिथून निघाले. भरतीच्या वेळेचा अंदाज चुकला. भोवऱ्यांच्या पाण्यात बोटीचे इंजिन निखळून समुद्रात पडले. वल्ही मारत ते एका खडकापर्यंत पोचले, पण तिथे बोट उलटली. शेवटी मच्छीमारांनी त्यांना सोडवले. भोवरे रोजचेच होते. चुकली होती ती वेळ.

आपल्याकडची खाडी

कोकणात कोरीव्रेकन नाही, पण खाड्या आहेत. मुंबईला उधाणाच्या दिवशी भरती आणि ओहोटीच्या पातळीत सरासरी सुमारे ३.६ मीटर फरक असतो, तर भांगाच्या दिवशी सुमारे १.४ मीटर. दक्षिणेला गोव्याकडे हा फरक कमी होत जातो. उत्तरेला खंभातच्या आखातात तो वाढत जातो आणि भावनगरजवळ १० मीटरच्या घरात पोचतो, कारण आखात नरसाळ्यासारखे निमुळते आहे.

आता एक खाडी कल्पनेत घ्या. तिचे क्षेत्रफळ १० चौरस किलोमीटर. उधाणाला पाणी ३.६ मीटर चढले, म्हणजे आत आले ३६ दशलक्ष घनमीटर. दलघमी हा शब्द बीडच्या शिक्षकांना समजावून सांगावा लागत नाही. पावसाळ्यात रोजच्या वर्तमानपत्रात तो असतोच. मांजरा धरणाची एकूण क्षमता २२४ दलघमी आहे. म्हणजे धरणाच्या सुमारे सहाव्या हिश्शाएवढे पाणी सहा तासांत खाडीत शिरते, पुढच्या सहा तासांत बाहेर पडते, आणि हे दिवसातून दोनदा.

हे सगळे पाणी खाडीच्या मुखातूनच जाणार. मुख ३०० मीटर रुंद आणि ५ मीटर खोल धरले तर छेद १५०० चौरस मीटरचा. सहा तास म्हणजे २१,६०० सेकंद. भागाकार केला की सरासरी वेग येतो सेकंदाला १.१ मीटर, म्हणजे ताशी ४ किलोमीटर.

पण पाणी सहाही तास सारख्या गतीने चढत नाही. दर्यावर्दी लोकांचा एक ठोकताळा आहे: एकूण चढाचे बारा भाग करा. पहिल्या तासात एक भाग चढतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. ३.६ मीटरच्या चढाला हे आकडे होतात ३०, ६०, ९०, ९०, ६० आणि ३० सेंटिमीटर. म्हणजे तिसऱ्या-चौथ्या तासात आपल्या खाडीच्या मुखातला वेग ताशी ६ किलोमीटरवर जातो. कयाक चालवणारा माणूस दीर्घकाळ टिकवू शकतो तो वेग ताशी ५ ते ६ किलोमीटर. म्हणजे तो जीव तोडून वल्हवत राहील आणि किनाऱ्यावरून पाहणाऱ्याला जागच्या जागी दिसेल. चांगला पोहणारा तासाला तीनेक किलोमीटर जातो. तो मागेच जाईल.

लहान होडीची युक्ती

मग स्कॉटलंडचे कयाकवाले जातात कसे? ते पाण्याशी झुंजत नाहीत. त्यांच्या तीन युक्त्या आहेत आणि तिन्हींत शिकवण्यासारखे भौतिकशास्त्र आहे.

पहिली युक्ती वेळेची. भरती संपून ओहोटी लागण्यापूर्वी, आणि ओहोटी संपून भरती लागण्यापूर्वी, पाणी थोडा वेळ थबकते. अरुंद सामुद्रधुनी त्याच वेळात ओलांडायची, आणि लांबचा पल्ला प्रवाह आपल्या दिशेने असताना गाठायचा.

दुसरी युक्ती कोनाची. प्रवाह ताशी ३ किलोमीटर आणि होडीचा वेग ६ असेल, तर नाक समोरच्या काठाकडे सरळ न धरता प्रवाहाच्या वरच्या अंगाला ३० अंश वळवायचे. होडी तिरकी दिसते, पण जाते सरळ, ताशी ५.२ किलोमीटरने. अकरावीच्या सदिशांच्या धड्यातले हेच उदाहरण. गोदाकाठच्या नावाड्यांना ते धडा न वाचताही येत असे.

तिसरी युक्ती आडोशाची. पुलाच्या खांबामागे नदीचे पाणी संथ असते, कधी उलटेही फिरते. बेटामागे आणि खडकामागेही तसेच. कयाकवाला तिथे थांबून दम खातो.

लहान, हलक्या होडीचे महत्त्व आपल्याकडेही जुने आहे. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांच्या आरमाराने मुंबईच्या तोंडाशी असलेले खांदेरी बेट घेऊन तिथे तटबंदी सुरू केली. मुंबईच्या इंग्रजांनी मोठी जहाजे आणून नाकेबंदी केली. तरीही उथळ तळाच्या, वल्ह्यांवर चालणाऱ्या मराठी होड्या रात्रीच्या वेळी रसद पोचवत राहिल्या. जहाजे वाऱ्यावर अवलंबून होती; होड्यांना वल्ही होती आणि पाणी ओळखीचे होते.

पाऊणकी आणि पंचांग

आता युसूफ वडगावात बसून समुद्राची वेळ कशी ओळखायची ते पाहू. मुंबईच्या किनाऱ्यासाठी एक जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करा, येणारा आकडा म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला चार पाऊणे तीन. पहाटे तीनला आणि दुपारी तीनला भरती. अष्टमीला आठ पाऊणे सहा, सकाळ-संध्याकाळी सहाला. ओहोटी त्यानंतर सुमारे सहा तासांनी. पक्ष शुक्ल असो की कृष्ण, हिशेब तोच. पूर्वी शाळेत पाऊणकीचा पाढा पाठ करून घेत, तो इथे कामाला येतो.

हा हिशेब का जुळतो? चंद्र सूर्याच्या संदर्भात एक फेरी ३० तिथींत पुरी करतो. २४ तास भागिले ३०, म्हणजे दर तिथीला ४८ मिनिटे. पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटे. तीन मिनिटांची ही तूट पौर्णिमेपर्यंत पाऊण तास होते; पाऊणकीने सव्वाअकरा येतात, प्रत्यक्षात भरती बाराच्या सुमारास असते. ही चूक विद्यार्थ्यांनी स्वतः शोधून काढावी, असे आम्ही सुचवू. शिवाय रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडे भरती मुंबईच्या थोडी आधी येते. तेव्हा हा केवळ अंदाज समजावा. नेमक्या वेळांसाठी भारतीय सर्वेक्षण विभाग दर वर्षी कोष्टके छापतो.

पण अंदाजही किती उपयोगी पडतो ते पाहा. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येते. सहल बहुधा दुपारी बाराला पोचते. पौर्णिमा-अमावास्येला बारा वाजता समुद्र काठोकाठ भरलेला असतो. अष्टमीला बारा वाजता ओहोटी खरी, पण ती भांगाची. पाणी फारसे हटत नाही. चतुर्थीला ओहोटी सकाळी नऊला. म्हणजे नवाच्या आधी वाटेला लागायचे आणि पाणी वळून जोर धरण्यापूर्वी परत यायचे. तिसऱ्या तासाचे ते ९० सेंटिमीटर आठवा: कोरडी वाट तासाभरात मुलांच्या कमरेपर्यंत जाते. लाटांमुळे किनाऱ्यावर वेगळे ओढ घेणारे प्रवाहही होतात. म्हणून हिशेब कितीही पक्का असला तरी गावातल्या कोळ्यांना विचारल्याशिवाय मुलांना पाण्यात उतरू देऊ नये.

वर्गात करून पाहा

एका मोठ्या परातीत मध्यभागी ओल्या मातीचा बांध घाला आणि त्यात बोटभर फट ठेवा. परातीत थोडे पाणी घाला. मग एका बाजूला तांब्याभर पाणी हळूच ओता. फटीतून पाणी कसे धावते ते पाहा. काडेपेटीच्या काडीचे तुकडे सोडा. काही वेगाने पलीकडे जातील, काही फटीच्या कडेला भोवऱ्यात फिरत राहतील. दोन्हीकडची पातळी सारखी झाली की सगळे थांबेल. सामुद्रधुनीतले थबकलेले पाणी ते हेच.

दुसरा प्रयोग महिनाभराचा आहे. रोज दिनदर्शिकेतली तिथी पाहून मुंबईच्या भरतीची वेळ फळ्याच्या कोपऱ्यात लिहा. चंद्र माथ्यावर कधी येतो तेही टिपा. दोन्ही वेळा अर्ध्या-पाऊण तासाच्या फरकाने जुळताना दिसतील. प्रत्येक बंदरात असे जुळत नाही. मुंबईच्या बाबतीत जुळते, एवढीच आपली सोय. म्हणजे युसूफ वडगावच्या अंगणातून चंद्र माथ्यावर दिसला, की साडेतीनशे किलोमीटरवर समुद्र भरत आला आहे असे समजावे. पुढच्या सहलीची तारीख ठरवण्यापूर्वी हे कोष्टक एकदा मुलांकडूनच मांडून घ्या.