शिखरे मोजा, पण उतरून आल्यावर

परवा एका निवृत्त गुरुजींची आठवण निघाली. मागे ते दवाखान्यात आले तेव्हा वय ५८ आणि तक्रार पित्ताची. "डॉक्टरसाहेब, चढ लागला की छाती जळजळते, गच्च होते. दोन मिनिटं टेकलं की बरं वाटतं. पित्ताची चांगली गोळी द्या, रविवारी कळसूबाईला जायचंय." खिशातून त्यांनी एक कागद काढला. त्यावर नारायणगड, गहिनीनाथगड, मच्छिंद्रनाथगड, भगवानगड अशी नावे होती आणि प्रत्येकापुढे बरोबरची खूण. एकच नाव उरले होते.

गोळी मी दिली नाही. कार्डिओग्राम काढला, तो साफ आला. पण पडून राहिलेल्या माणसाचा कार्डिओग्राम साफ आला म्हणजे हृदय निर्दोष, असे नसते. चढताना छाती दाटते आणि थांबल्यावर मोकळी होते, हे पित्ताचे लक्षण नव्हे. हृदयाला श्रमात जास्त रक्त लागते. रक्तवाहिनी अरुंद झाली असेल तर ते पुरत नाही आणि हृदय अशी तक्रार करते. त्यांना त्याच दिवशी हृदयविकारतज्ज्ञांकडे पाठवले. मुख्य रक्तवाहिनीत मोठा अडथळा निघाला, स्टेंट बसवावा लागला. आज गुरुजी ठीक आहेत.

वाचकहो, गडांची यादी करून एकेक सर करण्याचा छंद आपल्याकडे वाढतो आहे. वरपर्यंत गाडी जात असली तरी पायथ्याशी उतरून चालणारी माणसे पाहिली की डॉक्टर म्हणून मला आनंद होतो. यादी असली की माणूस अंथरुणातून उठतो. पण उरलेले एक नाव शरीराचे म्हणणे ऐकू देत नाही, हा यादीचा दोष आहे.

आधी आपला डोंगर समजून घेऊ. बालाघाट ही सह्याद्रीतून हरिश्चंद्रगडाकडून आग्नेयेला निघालेली शाखा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहिला, थरावर थर साचले आणि त्यांचाच हा काळा पाषाण झाला. म्हणून आपले डोंगर पायऱ्यांसारखे आहेत: बराच वेळ सपाटी, मग एकाएकी उभा चढ. सपाटीवर भरभर चाललेला माणूस त्याच वेगाने चढाला भिडतो आणि तिथेच त्याला धाप लागते. सावली कमी, काळा दगड उन्हाने तापलेला आणि उतारावर पायाखाली सुटा मुरूम. या तिन्हींचा त्रास वेगवेगळा आहे.

पहिला चढ. वेग किती ठेवावा? चालताना शेजाऱ्याशी पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. शब्द तुटू लागले की वेग कमी करा. वेळेचा अंदाज बांधण्यासाठी स्कॉटलंडच्या नेस्मिथ नावाच्या गिर्यारोहकाने १८९२ मध्ये सोपा हिशेब सांगितला. आपल्या मापात तो असा: दर पाच किलोमीटर चालीला एक तास आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. म्हणजे सहा किलोमीटर वाट आणि ६०० मीटर चढ असेल तर सव्वादोन तास. पण हा हिशेब थंड हवेतल्या तयारीच्या माणसाचा आहे. आपण त्यात निम्मी भर घालावी आणि विश्रांतीचा वेळ वेगळा धरावा. कळसूबाई १६४६ मीटर, महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर. तिथे बीडहून रात्रभर प्रवास करून, झोप न घेता चढायला लागणे हे तर मुळीच योग्य नाही.

दुसरे ऊन. घाम वाळतो तेव्हा शरीर थंड होते. घामाबरोबर पाणी जाते आणि मीठही. तहान लागण्याची वाट न पाहता दर पंधरा-वीस मिनिटांनी थोडे थोडे पाणी प्यावे. दिवसभर नुसते पाणीच ढोसू नये. मीठ घातलेले ताक किंवा जलसंजीवनी सोबत असावी. घरी करायची तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. बरोबरचा माणूस असंबद्ध बोलू लागला, अंग भट्टीसारखे तापले, तर तो उष्माघात समजा. सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि रुग्णालय गाठा. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका. एप्रिल-मे महिन्यांत तर नऊच्या आत खाली उतरलेले असावे.

तिसरा उतार. चढताना दम लागतो म्हणून लोक चढाला भितात. पण सोमवारी माझ्याकडे येणारे गुडघे उताराने दुखावलेले असतात. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच सगळा भार पेलतो. त्यात त्याचे सूक्ष्म तंतू दुखावतात आणि ठणका दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर येतो. तो आपोआप जातो. मात्र असह्य दुखण्याबरोबर लघवी काळ्या चहासारखी झाली तर मूत्रपिंडाला धोका असतो, लगेच दाखवा. पावले लहान टाका आणि हातात काठी ठेवा. आपले मेंढपाळ काठीशिवाय डोंगरात जात नाहीत, त्यात शहाणपण आहे. जाण्याआधी सहा-आठ आठवडे रोज चालावे, खंडोबा टेकडीवर चढण्या-उतरण्याचा सराव करावा.

चाळिशी उलटलेल्यांनी रक्तदाब व साखर तपासून, डॉक्टरांना विचारूनच यादीला हात घालावा. मधुमेहींनी गोळी किंवा इन्शुलिन घेऊन उपाशी चढू नये. खिशात साखर ठेवावी. घाम फुटला, हात थरथरू लागले तर थांबून ती खावी. छाती, जबडा किंवा डावा हात जड वाटला तर तिथेच बसावे, एकही पाऊल वर टाकू नये आणि मदत मागवावी. बसल्यावर बरे वाटले तरी चढ तिथेच संपला असे समजावे.

स्कॉटलंडमधील तीन हजार फुटांवरच्या शिखरांची यादी सर ह्यू मन्रो यांनी १८९१ मध्ये केली. आज त्या यादीत २८२ शिखरे आहेत आणि हजारो लोक ती मोजत फिरतात. खुद्द मन्रो मात्र १९१९ मध्ये वारले तेव्हा त्यांची यादी अपुरीच होती. त्यांचे नाव त्यामुळे कमी झाले नाही.

गुरुजींना मी ही गोष्ट सांगितली. आता तज्ज्ञांच्या परवानगीने ते रोज सकाळी सपाटीवर तासभर चालतात. कागद अजून खिशात आहे आणि कळसूबाईपुढची जागा कोरी आहे. "राहू द्या कोरी," ते म्हणाले, "पण डॉक्टरसाहेब, आता मी खूण घरी येऊन चहा घेतल्यावरच करणार."