टेस्टोस्टेरॉनचा जमाखर्च

हिंगोलीच्या हळद बाजारात माल पाहिल्याशिवाय बोली लागत नाही. कांडी हातात घेऊन मोडली जाते, आतला रंग पाहिला जातो, ओलावा अजमावला जातो आणि मगच भाव ठरतो. या व्यवहारात मुरलेला औंढा, सेनगाव किंवा कळमनुरीकडचा चोखंदळ गृहस्थ पंचेचाळिशीनंतर ‘अंगात त्राण राहिले नाही, कशात मन लागत नाही’ अशी तक्रार घेऊन निघाला, की मात्र न तपासलेल्या मालाचे गिऱ्हाईक होतो. पूर्वी रस्त्याकडेच्या भिंतींवर रंगविलेल्या जाहिराती त्याला हाक मारीत. आता तीच हाक मोबाईलवर येते आणि तीत जडीबुटीच्या जागी ‘टेस्टोस्टेरॉन’ हा शास्त्रीय शब्द आला आहे. शब्द शास्त्रीय झाला म्हणून व्यवहार शास्त्रीय होतोच असे नाही.

टेस्टोस्टेरॉन हे मुख्यतः वृषणांत तयार होणारे संप्रेरक. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीच्या हुकमावरून ते स्रवते आणि दाढीमिशा, आवाज, स्नायू, हाडे, रक्तातील तांबड्या पेशी व कामेच्छा या सर्वांवर त्याचा अंमल चालतो. ब्राउन-सेकार या नामांकित शरीरशास्त्रज्ञाने १८८९ साली, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, प्राण्यांच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला आणि तारुण्य परतल्याची ग्वाही पॅरिसच्या विद्वत्सभेत दिली. त्या अर्कात हे संप्रेरक जवळजवळ नव्हतेच. गुण आला तो श्रद्धेचा. खरे संप्रेरक वेगळे काढण्यात आणि प्रयोगशाळेत बनविण्यात यश आले ते १९३५ साली. तेव्हापासून औषध खरे आहे, यात वाद नाही. वाद आहे तो ते कोणाला हवे, याचा.

काहींना ते निःसंशय हवे असते. कोणी जन्मतःच एक जादा ‘एक्स’ गुणसूत्र घेऊन येतो, कोणाची वृषणे गालगुंडाच्या तापात निकामी होतात, कोणाच्या पीयूषिकेत गाठ असते. सतरा-अठरा वर्षांचा मुलगा, आवाज फुटलेला नाही, मिसरूड नाही. घरचे त्याला अंगारेधुपारे करतात, पुढे लग्नही उरकून टाकतात आणि मूल न झाल्याचा बोल सुनेला लागतो. अशा रुग्णाला संप्रेरक न देणे हाच मोठा धोका, कारण पौरुषाच्या खुणांबरोबर त्याची हाडेही ठिसूळ होत जातात. पण तो डॉक्टरपर्यंत पोहोचतच नाही, कारण संकोच. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना छापील उत्तरे दिली म्हणून र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावर खटला झाला आणि १९३४ साली त्यांची बाजू न्यायालयात डॉ. आंबेडकरांना मांडावी लागली. त्या संकोचाचे राज्य अजून पुरते गेलेले नाही. आणि डॉक्टरशी बोलणे अवघड असते तेथे जाहिरातीचे फावते.

खरा पेच आहे तो मध्यमवयीनांचा. वयाबरोबर हे संप्रेरक हळूहळू उतरते. पण उतार म्हणजे रोग नव्हे. युरोपातील चाळीस ते एकोणऐंशी वयाच्या तीन हजारांहून अधिक पुरुषांच्या पाहणीत (२०१०) लक्षणे आणि रक्तातील उणीव या दोन्ही कसोट्यांना उतरणारे निघाले अवघे २.१ टक्के. उरलेल्यांचा थकवा काही खोटा नसतो. पण त्याचे मूळ मधुमेहात, वाढलेल्या पोटात, रक्तक्षयात, थायरॉइडच्या बिघाडात, घोरण्यातून मोडणाऱ्या झोपेत किंवा निव्वळ कर्जाच्या काळजीत असू शकते. वजन उतरले तर पुष्कळांचे संप्रेरक आपोआप सावरते, हे मात्र कोणी जाहिरातीत सांगत नाही.

ज्यांच्या रक्तात उणीव आढळली, अशा पासष्टीपुढील ७९० अमेरिकन पुरुषांवरील चाचण्यांचे निष्कर्ष २०१६ पासून प्रसिद्ध झाले. कामेच्छेत बेताची सुधारणा झाली, हाडांची घनता वाढली, काहींचा रक्तक्षय हटला. पण ज्या थकव्यासाठी बहुतेकजण औषध मागतात, त्यावर लक्षणीय गुण दिसला नाही, स्मरणशक्तीवरही नाही. ऑस्ट्रेलियातील स्थूल आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावरील पुरुषांच्या चाचणीत (२०२१) दोन वर्षांनी मधुमेह आढळला तो नुसत्या आहार-व्यायामावर असलेल्यांपैकी २१ टक्क्यांत, तर जोडीला संप्रेरक घेणाऱ्यांपैकी १२ टक्क्यांत. हा लाभ थोडाथोडका नव्हे. मात्र त्याच चाचणीत संप्रेरक घेणाऱ्या दर पाचांतील एकाहून अधिकांचे रक्त धोक्याच्या मर्यादेपर्यंत दाट झाले.

हृदयविकाराची भीती बरीच वर्षे होती. ती २०२३ च्या मोठ्या अमेरिकन चाचणीने पुष्कळशी दूर केली: हृदयविकार जडलेल्या वा तसा धोका असलेल्या पाच हजारांहून अधिक पुरुषांत झटका, पक्षाघात व हृदयमृत्यू यांचे प्रमाण औषध घेणाऱ्यांत ७ टक्के, तर न घेणाऱ्यांत ७.३ टक्के निघाले. परंतु हृदयाची अनियमित धडधड, मूत्रपिंडाची इजा आणि फुप्फुसात रक्ताची गुठळी हे प्रकार औषध घेणाऱ्यांत अधिक दिसले. आणि हाडे घट्ट करणारे म्हणून ज्याची ख्याती, ते घेणाऱ्यांत हाडे मोडण्याचे प्रमाणही जास्त भरले. पुरस्थ ग्रंथीचा कर्करोग असलेल्याला तर ते देऊच नये, असा दंडक आहे.

या जमाखर्चातील सर्वांत जड रकमेची वाच्यता सर्वांत कमी होते. संप्रेरक बाहेरून मिळू लागले की पीयूषिका आपला हुकूम थांबविते; वृषणांचे काम मंदावते, ती आक्रसतात आणि शुक्रजंतू घटत घटत पुष्कळांत नाहीसेही होतात. याच गुणाचा उपयोग करून जागतिक आरोग्य संघटनेने पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून साप्ताहिक इंजेक्शनाची चाचणी घेतली आणि तिचे यश १९९० साली जाहीर झाले. मूल व्हावे म्हणून, किंवा व्यायामशाळेत कोणी सांगितले म्हणून, ‘ताकदीचे’ इंजेक्शन घेणारा तिशीचा तरुण वस्तुतः गर्भनिरोधकच टोचून घेत असतो. औषध सोडल्यावर शरीराचा कारखाना पुन्हा सुरू व्हायला महिने लागतात, कधी वर्षाहून अधिक. त्या काळातील गळाठ्यालाच रुग्ण औषधाच्या गरजेचा पुरावा समजतो आणि पुन्हा दुकानाची पायरी चढतो. शिरायला सोपा आणि निघायला महाग, असा हा बाजार आहे.

केनेथ ॲरो या अर्थशास्त्रज्ञाने १९६३ सालीच दाखवून दिले होते, की वैद्यकीय सेवेत विकणाऱ्याचे ज्ञान आणि घेणाऱ्याचे अज्ञान यांत इतके अंतर असते, की तेथे बाजाराचे साधे नियम चालत नाहीत. अमेरिकेत त्याचा पडताळा आला. २००१ ते २०११ या काळात चाळिशीपुढील पुरुषांत हे औषध घेणाऱ्यांचे प्रमाण तिपटीहून वाढले आणि नव्याने सुरू करणाऱ्यांपैकी सुमारे चौथ्या हिश्श्याची आधीच्या वर्षभरात रक्तचाचणीदेखील झालेली नव्हती. भारतात कामशक्ती वाढविण्याच्या औषधांच्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने बंदी आहे आणि हे संप्रेरक डॉक्टरच्या चिठ्ठीविना विकता येत नाही. पण कायदा कपाटात आणि जाहिरात खिशात, अशी स्थिती आहे.

हिंगोलीपुरता प्रश्न आणखी व्यावहारिक आहे. हे संप्रेरक पहाटे चढते आणि दिवस वर येईल तसे उतरते. म्हणून रक्त सकाळी दहाच्या आत, उपाशीपोटी आणि निरनिराळ्या दिवशी दोनदा तपासावे लागते. सेनगावच्या आडगावाहून एस. टी.ने निघून दुपारी हिंगोलीला पोहोचणाऱ्याचे रक्त दोन वाजता घेतले, तर धडधाकट माणूसही कागदावर रुग्ण ठरू शकतो. औषध सुरू केल्यावर रक्ताचा दाटपणा व पुरस्थ ग्रंथी तीन-चार महिन्यांनी आणि पुढे दरवर्षी तपासावी लागते, त्या खेपांचा खर्च वेगळाच. २०२४ मध्ये हिंगोलीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात सकाळीच रक्त घेऊन नमुना तेवढा हिंगोलीला पाठविण्याची सोय त्याच्यामार्फत झाली, तर माणसाला बुडीत मजुरीसह दोन खेपा घालाव्या लागणार नाहीत. तीस वर्षांच्या आतील, मूल हवे असलेल्या कोणालाही हे इंजेक्शन देण्यापूर्वी त्याच्या पत्नीसमक्ष त्याचा परिणाम समजावून सांगण्याची अटही चिठ्ठी लिहिणाऱ्यांनी स्वतःवर घालून घेता येईल. त्याला नव्या कायद्याची गरज नाही.