अर्भकाचे पहिले एकवीस दिवस

नवजात बालक जोराने रडते, दूध पिते, वजनही ठीक भरते. सर्वजण आनंदात असतात. पण वर्षा-दोन वर्षांनी ते हाकेला वळून पाहीनासे झाले तर? अशा बहिरेपणामागे कधी कधी एक विषाणू असतो. बालकाच्या शरीरात तो जन्माआधीच शिरलेला असतो. त्याचे नाव सायटोमेगॅलोव्हायरस.

घुबडाच्या डोळ्यांसारख्या पेशी

१८८१ साली रिबर्ट या जर्मन शास्त्रज्ञाला मृत जन्मलेल्या एका अर्भकाच्या मूत्रपिंडात अवाढव्य पेशी दिसल्या. अशा पेशीच्या मध्यभागी गडद ठिपका आणि भोवती फिकट वलय असते. जणू घुबडाचा डोळाच! त्यांचे कारण मात्र त्याला उमगले नाही. पुढे १९५० नंतरच्या दशकात अमेरिकेत मार्गारेट स्मिथ, वॉलेस रो आणि थॉमस वेलर यांनी स्वतंत्रपणे हा विषाणू वेगळा केला. 'सायटो' म्हणजे पेशी आणि 'मेगॅलो' म्हणजे मोठी. त्यावरून १९६० साली वेलर यांनी त्याला हे नाव सुचवले.

हा विषाणू नागिणीच्या विषाणूच्या कुळातला आहे. लहान मुलांच्या लाळेतून व लघवीतून तो पसरतो. धडधाकट माणसाला त्याचा सहसा काहीच त्रास होत नाही. पण गर्भवतीच्या रक्तातून तो वारेत आणि तेथून गर्भात पोहोचला, तर मेंदू व कान यांना इजा होऊ शकते. अमेरिकेत सुमारे २०० बालकांमागे एक बालक हा संसर्ग घेऊन जन्मते. अशा पाच बालकांपैकी सुमारे एकाला बहिरेपणासारखे कायमचे व्यंग येते. आणि बहुतेक बालके जन्मतः अगदी निरोगी दिसतात!

एकवीसच दिवस का?

मग बालकाच्या रक्तातील प्रतिपिंडे तपासली तर? अडचण अशी, की आईची प्रतिपिंडे वारेतून बालकात येतात. ती पाहून बालकाला संसर्ग झाला की नाही हे ठरत नाही. म्हणून खुद्द विषाणूच शोधतात. बालकाची लघवी किंवा लाळ घेऊन, 'पीसीआर' तंत्राने विषाणूच्या डीएनएच्या असंख्य प्रती बनवून तो ओळखतात. रिबर्टला ज्या मूत्रपिंडात त्या पेशी दिसल्या, त्यातूनच पाझरणारी लघवी आज निदानाला उपयोगी पडते.

ही तपासणी जन्मानंतर २१ दिवसांच्या आत व्हावी लागते. प्रसूतीच्या वेळी किंवा आईच्या दुधातूनही हा विषाणू बालकात शिरू शकतो. पण असा संसर्ग लघवीत दिसायला साधारण तीन आठवडे लागतात. त्याआधी विषाणू सापडला, तर तो गर्भाशयातूनच आला हे नक्की. नंतर सापडला, तर तो केव्हा आला हे सांगता येत नाही. दुधातून झालेला संसर्ग पूर्ण दिवसांच्या निरोगी बालकाला सहसा अपाय करत नाही. म्हणून त्याचे स्तनपान थांबवू नये.

उपचार आणि काळजी

लक्षणे असलेल्या बालकांना व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर हे औषध तोंडाने देतात. ते विषाणूची वाढ रोखते. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सहा आठवड्यांऐवजी सहा महिने औषध दिल्याने दोन वर्षांच्या वयात श्रवणशक्ती थोडी अधिक चांगली आढळली. मात्र या औषधाने रक्तातील पांढऱ्या पेशी कमी होऊ शकतात, म्हणून वरचेवर रक्त तपासावे लागते. शिवाय विषाणू शरीरातून समूळ जात नाही. बहिरेपण पुढे उशिराही येऊ शकते. त्यामुळे अशा मुलांचे कान काही वर्षे नियमितपणे तपासतात. ते वेळीच कळले, तर श्रवणयंत्र देऊन मुलाला भाषा शिकवता येते.

या विषाणूवर अजून लस नाही. पण साबण आहे! लहान मुलाचे दुपटे बदलल्यावर वा नाक पुसल्यावर गर्भवतीने हात स्वच्छ धुवावेत आणि मुलाचा उष्टा चमचा तोंडात घालू नये. घरात लहान भावंड असेल आणि आई, काकू वा वहिनी गर्भवती असेल, तर ही गोष्ट त्यांना जरूर सांगा.