मेगाडेथ : चाळीस वर्षांची घुसळण

थ्रॅश मेटलचे चार खांब कोणते, असं या संगीताच्या कुणाही चाहत्याला विचारा. मेटॅलिका, स्लेयर, अँथ्रॅक्स आणि मेगाडेथ ही नावं एका दमात येतात. चौघेही १९८० च्या दशकाच्या सुरुवातीचे; तीन कॅलिफोर्नियातले, एक न्यू यॉर्कचा. यांतल्या मेगाडेथची ओळख करून देताना मात्र बहुतेक जण एकाच वाक्यात विषय संपवतात : मेटॅलिकातून हाकललेल्या माणसाने सुडापोटी काढलेला बँड. मला हे वाक्य कधीच पटलेलं नाही. सुडावर एखादा अल्बम निघतो, फार तर दोन. चाळीस वर्षं आणि सतरा स्टुडिओ अल्बम निघायला त्याहून टिकाऊ काहीतरी लागतं. मेगाडेथमध्ये ते होतं डेव्ह मस्टेनच्या गिटारवरच्या हातांत, आणि त्याच्या शेजारी येऊन उभ्या राहिलेल्या, पण फार काळ न टिकलेल्या विलक्षण वादकांत.

मस्टेनचा जन्म १९६१ चा, सॅन दिएगोजवळच्या ला मेसा गावातला. वडील दारूत बुडालेले, आई यहोवाज विटनेसेस या कडक पंथाची. आईवडील वेगळे झाले, आणि वडिलांपासून लपत आईने मुलांना घेऊन घरामागून घरं बदलली. पंधराव्या-सोळाव्या वर्षीच हा पोरगा जवळपास एकटा राहू लागला आणि पोटासाठी गांजा विकू लागला. ड्रमर लार्स उलरिकने दिलेली जाहिरात वाचून तो मेटॅलिकात शिरला, तेव्हा बँडमधला सगळ्यात तयार गिटारवादक तोच होता. सगळ्यात जास्त पिणाराही तोच. एकदा त्याच्या कुत्र्याने बेसवादकाच्या गाडीवर पंजे ठेवले म्हणून गायक जेम्स हेटफिल्डने कुत्र्याला लाथ मारली, आणि मस्टेनने हेटफिल्डच्या तोंडावर ठोसा ठेवून दिला.

१९८३ च्या वसंतात मेटॅलिका पहिल्या अल्बमसाठी भाड्याच्या ट्रकमधून सगळा देश ओलांडून न्यू यॉर्कला गेली. तिथे क्वीन्समधल्या एका इमारतीत मुक्काम होता. ११ एप्रिलच्या सकाळी साथीदारांनी मस्टेनला झोपेतून उठवलं आणि सांगितलं, तू आता बँडमध्ये नाहीस. सामान बांधलेलं होतं, लॉस एंजलिसच्या बसचं तिकीट काढलेलं होतं. एक संधी द्या, असं त्याने विचारलं. उत्तर नाही असंच होतं. मग चार दिवस बसमध्ये, खिशात पैसे नाहीत. त्याच प्रवासात अण्वस्त्रांविषयीचं सिनेटर अ‍ॅलन क्रॅन्स्टन यांचं एक पत्रक त्याच्या हाती पडलं, आणि त्यातल्या एका शब्दावरून पुढे त्याच्या नव्या बँडचं, मेगाडेथचं नाव आलं.

त्या सकाळचा न्याय करणं सोपं नाही. दारू पिऊन मारामाऱ्या करणारा माणूस बँडमध्ये नको, हे मला समजतं. पण हाकलणारेही काही निर्व्यसनी नव्हते, आणि त्या पोराला ताकीदसुद्धा न देता बसमध्ये बसवणं मला आजही क्रूर वाटतं. शिवाय त्याच्या चाली त्यांनी ठेवून घेतल्या. ‘किल एम ऑल’मधल्या चार आणि ‘राइड द लाइटनिंग’मधल्या दोन गाण्यांच्या श्रेयात मस्टेनचं नाव आहे. ज्या बँडने त्याला काढलं, त्याच्या पायात त्याचे दगड आहेत.

लॉस एंजलिसमध्ये त्याच्या खालच्या मजल्यावर मिनेसोटाच्या एका शेतकरी कुटुंबातला अठरा वर्षांचा मुलगा राहायला आला होता : डेव्हिड एलेफसन. तो सकाळी सकाळी बेसवर व्हॅन हेलनचं गाणं घोटत बसला होता. वर झोपमोड झालेल्या मस्टेनने आधी ओरडून पाहिलं, मग खिडकीतून कुंडी फेकली. एलेफसन वर गेला तो भांडायला नाही, सिगारेट कुठे मिळेल हे विचारायला. पुढची जवळपास वीस वर्षं हे दोघे मेगाडेथमध्ये एकत्र होते.

मेगाडेथचं वेगळेपण पहिल्यांदा कानावर येतं ते दोन जॅझवाल्यांमुळे. ड्रमर गार सॅम्युएलसन आणि गिटारवादक ख्रिस पोलंड हे फ्युजन वाजवणाऱ्या बँडमधून आलेले. सॅम्युएलसन जोरात वाजवतानाही ठोक्यांमध्ये मोकळी जागा ठेवायचा. पोलंडचे सूर अपेक्षित जागी न थांबता सरकत जायचे. १९८५ च्या पहिल्या अल्बमसाठी कॉम्बॅट रेकॉर्ड्सने ८,००० डॉलर दिले होते. त्यातली निम्मी रक्कम दारू, ड्रग्ज आणि खाण्यावर गेली, निर्मात्याला नारळ द्यावा लागला आणि पोरांनी अल्बम स्वतःच उरकला. आवाज पातळ आहे, पण त्यातला वेग आणि गुंतागुंत त्या वर्षी फार कुणाकडे नव्हती.

इथे जरा थांबून मस्टेनच्या हातांकडे बघायला हवं. रिफ म्हणजे गिटारवर पुन्हा पुन्हा येणारं, गाण्याचा कणा ठरणारं सुरांचं छोटं वाक्य. थ्रॅशमध्ये उजव्या तळव्याची कड ब्रिजजवळ तारांवर टेकवून प्लेक्ट्रमने झपाट्याने आघात करतात. त्यामुळे सूर गुंजत न राहता ठोक्यासारखा तुटक पडतो. डाव्या हाताने जाडजूड पॉवर कॉर्ड धरायचे. एका तारेवरून शेजारच्या तारेवर कॉर्ड न्यायचा तर साधारणपणे सगळा पंजा उचलावा लागतो, आणि त्या क्षणी तारा खरखरतात. मस्टेनने एक कॉर्ड तर्जनी-अनामिकेने आणि लगेचचा दुसरा मधलं बोट-करंगळीने धरायची पद्धत बसवली. पंजा जागचा हलत नाही, बोटं कोळ्याच्या पायांसारखी आलटून पालटून पडतात. वादक तिला स्पायडर कॉर्ड म्हणतात. ‘वेक अप डेड’ ऐकताना हे लक्षात ठेवा. आणि हे करताना तो गातोही, कारण मनासारखा गायक मिळालाच नाही म्हणून माइक त्याच्याच गळ्यात पडला. त्या दातओठ खाऊन म्हटलेल्या आवाजाला गोड कुणी म्हणणार नाही, पण त्या रिफवर दुसरा आवाज मला कल्पनेतही बसवता येत नाही.

१९८६ चा ‘पीस सेल्स... बट हूज बाइंग?’ हा पहिला मोठा टप्पा. कॅपिटल रेकॉर्ड्सने तो कॉम्बॅटकडून विकत घेतला. मुखपृष्ठावर उद्ध्वस्त झालेली संयुक्त राष्ट्रांची इमारत आणि तिच्यापुढे बँडचं बोधचिन्ह असलेला सांगाडा विक रॅटलहेड : डोळ्यांवर लोखंडी पट्टी, कान बंद, तोंडाला आकडे. आपण लहानपणापासून पाहिलेली गांधीजींची तीन माकडं इथे एकाच कवटीत, पण उलट अर्थाने येतात. पाहणं, ऐकणं, बोलणं त्याच्याकडून हिरावून घेतलेलं आहे. शीर्षकगीताच्या सुरुवातीची बेसची ओळ एमटीव्हीने वर्षानुवर्षं आपल्या बातम्यांसाठी वापरली. मेटलशी काही देणंघेणं नसलेल्या अमेरिकनांनाही ती पाठ झाली.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मेटॅलिकाचा बेसवादक क्लिफ बर्टन स्वीडनमधल्या बस अपघातात गेला. ही बातमी कळल्यावर मस्टेनने एका बैठकीत जे संगीत लिहिलं, त्याचं ‘इन माय डार्केस्ट अवर’ झालं. सुडाची गोष्ट सांगणाऱ्यांनी हे गाणं जरूर ऐकावं. त्याच्या सुरांत हाकलून दिलेल्या घरातल्या माणसासाठीचा शोक आहे.

१९८७ मध्ये सॅम्युएलसन आणि पोलंड दोघेही बँडबाहेर गेले. हेरॉइनने सगळं पोखरलं होतं. मस्टेन आणि एलेफसन स्वतः त्याच दलदलीत होते. मे १९८८ मध्ये उत्तर आयर्लंडमधल्या अँट्रिम गावी कार्यक्रम होता. बाहेर कुणीतरी बँडचे चोरटे टी-शर्ट विकत होतं. ‘ध्येयासाठी’ पैसे गोळा करतोय, असं मस्टेनला सांगण्यात आलं. ते ध्येय कुठलं, कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्यातल्या रक्तपाताशी त्याचा संबंध काय, याचा त्याला पत्ता नव्हता. प्यालेल्या अवस्थेत त्याने शेवटचं गाणं मंचावरून त्या ध्येयाला अर्पण केलं. क्षणात सभागृह दुभंगलं, हाणामारी सुरू झाली, आणि बँडला बुलेटप्रूफ बसमधून गावाबाहेर काढावं लागलं. आपण काय करून बसलो ते त्याला दुसऱ्या दिवशी समजलं. ‘होली वॉर्स... द पनिशमेंट ड्यू’ या गाण्याचं बीज तिथलं.

हे गाणं ज्या ‘रस्ट इन पीस’चं पहिलं पान आहे, तो १९९० चा अल्बम माझ्या मते थ्रॅशचं शिखर आहे. त्याआधी नशेत गाडी चालवताना पकडला गेल्यावर मस्टेनला व्यसनमुक्ती उपचार घ्यावे लागले आणि तो बऱ्याच वर्षांनी शुद्धीवर राहून स्टुडिओत गेला. नवा गिटारवादक मार्टी फ्रीडमन पाश्चात्त्य रॉकच्या ठराविक स्वरसप्तकांबाहेरचे, पूर्वेकडचे वाटणारे सूर घेऊन आला. ‘टोर्नॅडो ऑफ सोल्स’मधला त्याचा एकल तुकडा आजही गिटार शिकणाऱ्यांची परीक्षा पाहतो. ड्रमर निक मेन्झा आधीच्या ड्रमरची वाद्यं जुळवून देणारा तंत्रज्ञ होता, आणि एका नावाजलेल्या जॅझ सॅक्सोफोनवादकाचा मुलगा. जॅझचं रक्त पुन्हा एकदा मेगाडेथमध्ये आलं.

१९९२ मधला ‘काउंटडाउन टू एक्स्टिंक्शन’ बिलबोर्डच्या यादीत थेट दुसऱ्या क्रमांकावर उतरला. त्याचं काम संपत आलं तेव्हा लॉस एंजलिस दंगलींनी पेटलेलं होतं आणि संचारबंदीमुळे बँडला संध्याकाळी स्टुडिओ सोडावा लागे. गाणी आता आटोपशीर झाली होती, रेडिओवर वाजत होती. पण १९९३ मध्ये मस्टेन पुन्हा गोळ्यांच्या आहारी गेला, जिवावर बेतलं, आणि टोकियोच्या बुडोकान सभागृहातला ठरलेला कार्यक्रम रद्द झाला.

नंतरची काही वर्षं झरझर सांगता येतील. अल्बम मवाळ होत गेले. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी गेलेल्या मेन्झाला १९९८ मध्ये काढलं गेलं. ते मस्टेनला शोभलं नाही. काढून टाकलं जाणं काय असतं हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? १९९९ चा ‘रिस्क’ चाहत्यांनी नाकारला, फ्रीडमन निघून गेला आणि पुढे जपानमध्ये स्थायिक झाला. त्याच १९९९ मध्ये गार सॅम्युएलसन यकृताच्या आजाराने वारला. वय अवघं एकेचाळीस.

जानेवारी २००२. टेक्सासमधल्या व्यसनमुक्ती केंद्रात मस्टेन डावा हात खुर्चीच्या पाठीवर टाकून झोपी गेला. दंडाजवळून जाणारी रेडियल नस दबली आणि जाग आली तेव्हा हाताला जाणीव नव्हती. जी बोटं कोळ्यासारखी चालायची, ती मिटेनात. पूर्वीसारखं वाजवता येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. एप्रिलमध्ये त्याने बँड बंद केल्याचं जाहीर केलं. मग महिनोन्महिने फिजिओथेरपी, विजेचे झटके, आणि गिटारवर अगदी पहिल्या धड्यापासून सुरुवात. चाळिशी ओलांडलेला, जगभर नाव झालेला माणूस एकेका बोटाला पुन्हा चालायला शिकवत होता. त्याच काळात तो ख्रिस्ती श्रद्धेकडे वळला. २००४ च्या ‘द सिस्टम हॅज फेल्ड’मध्ये हात परत आलेला स्पष्ट ऐकू येतो, आणि शेजारी गिटारवर आहे तोच ख्रिस पोलंड.

एलेफसन मात्र नव्हता. हिशेबावरून दोघांत बिनसलं, त्याने १८.५ दशलक्ष डॉलरचा दावा लावला, तो फेटाळला गेला. २०१० मध्ये तो परतला आणि २०२१ मध्ये एका खासगी वादानंतर त्याला पुन्हा जावं लागलं. नव्या अल्बममधलं त्याचं बेसवादन पुसून दुसऱ्याकडून वाजवून घेण्यात आली. खालच्या मजल्यावरच्या त्या मुलाची साथ अशी संपावी, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

जून २०१० मध्ये बल्गेरियातल्या सोफियात थ्रॅशचे चारही खांब एकाच कार्यक्रमात वाजले. एका गाण्याच्या वेळी हेटफिल्ड आणि मस्टेन यांनी मंचावर एकमेकांना मिठी मारली. पुढच्या वर्षी मेटॅलिकाच्या तिसाव्या वाढदिवसाला सॅन फ्रान्सिस्कोत मस्टेन त्यांच्यासोबत जुनी गाणी वाजवून आला. २०१७ मध्ये मेगाडेथच्या ‘डिस्टोपिया’ला ग्रॅमी मिळालं, अनेक वर्षांची नामांकनं वाया गेल्यानंतर. तेव्हा सभागृहातल्या वाद्यवृंदाने वाजवलं मेटॅलिकाचं गाणं. एवढ्या मोठ्या पुरस्कार सोहळ्यात एवढी साधी गोष्ट कुणी तपासू नये, हे चीड आणणारं आहे.

मेगाडेथ आपल्याकडेही येऊन गेलं, मार्च २००८ मध्ये बंगळुरूच्या पॅलेस ग्राउंड्सवर. मुंबई-पुण्याच्या मेटलवेड्यांना रंगभवनातल्या इंडिपेन्डन्स रॉक महोत्सवाने घडवलं होतं. त्यांच्यासाठी कॅसेटवर झिजवलेली गाणी मूळ हातांकडून ऐकण्याची ती संधी होती.

२१ मे २०१६ रोजी लॉस एंजलिसच्या ‘बेक्ड पोटॅटो’ या छोट्या जॅझ क्लबमध्ये निक मेन्झा वाजवताना कोसळला आणि गेला. वय ५१. तो वाजवत होता ‘ओम’ या बँडबरोबर, आणि तो बँड होता ख्रिस पोलंडचा. मेगाडेथचे दोन वेगळे काळ त्या रात्री एका मंचावर होते.

२०१९ मध्ये मस्टेनला घशाचा कर्करोग झाला. किरणोपचार आणि केमोथेरपीतून तो बाहेर आला आणि पुन्हा गायला लागला. फेब्रुवारी २०२३ मध्ये मेगाडेथ अखेर बुडोकानमध्ये वाजलं, रद्द झालेल्या कार्यक्रमानंतर तीस वर्षांनी, आणि मार्टी फ्रीडमन गिटार घेऊन सोबत उभा राहिला. ऑगस्ट २०२५ मध्ये मस्टेनने निरोपाचा दौरा आणि शेवटचा अल्बम जाहीर केला. अल्बमचं नाव नुसतंच ‘मेगाडेथ’.

या संगीताच्या वाटेला कधी न गेलेल्यांनी ‘पीस सेल्स’पासून सुरुवात करावी. छत्तीस मिनिटांचा आहे. हेडफोन लावून पहिल्यांदा सगळा ऐका, आणि दुसऱ्यांदा मस्टेनला बाजूला ठेवून फक्त मागे वाजणाऱ्या गार सॅम्युएलसनच्या ड्रम्सवर कान ठेवा.