संगणकाचे सत्पात्री दान

घरातला संगणक चालू असला तरी बहुतेक वेळ रिकामाच असतो. पत्र टाइप करताना किंवा सिनेमा पाहताना त्याचा प्रोसेसर बराचसा बसून असतो. ही ‘वाया जाणारी’ ताकद शास्त्रज्ञांना द्यावी, ही कल्पना १७ मे १९९९ रोजी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेतून निघालेल्या ‘सेटी अ‍ॅट होम’ने जगभर नेली. प्वेर्तो रिकोतल्या अरेसिबो दुर्बिणीने टिपलेल्या रेडिओलहरींचे तुकडे घरोघरी जात आणि स्क्रीनसेव्हर सुरू झाला की परग्रहावरच्या हाकेचा शोध सुरू होई. पन्नास लाखांहून अधिक लोक त्यात सामील झाले. परग्रहवासी काही सापडले नाहीत, पण ‘फुकट’ हा शब्द मात्र या कल्पनेला कायमचा चिकटला. संगणक नाहीतरी चालूच आहे, मग त्याने थोडे विज्ञान केले तर आपले काय जाते? तेव्हा हा प्रश्न रास्त होता. आज आपले बरेच काही जाते, आणि तरीही काही कामांसाठी ते द्यावे, असे माझे मत आहे. मात्र काम पारखून.

आधी हिशेब. पंचवीस वर्षांपूर्वीचा डेस्कटॉप रिकामा असो वा राबत असो, विजेच्या खर्चात फरक थोडा पडे. आजचे प्रोसेसर काम नसले की स्वतःच मंदावतात आणि वीज वाचवतात. त्यामुळे त्यांना कामाला जुंपले की मीटर पळू लागतो. ग्राफिक्स कार्ड नसलेला साधा डेस्कटॉप अशा कामापायी शंभर वॅट जादा खातो असे धरू. रोज दहा तास म्हणजे एक युनिट, महिन्याला तीस. दहा रुपये दराने तीनशे रुपये झाले. शिवाय ही सगळी वीज शेवटी उष्णताच होते. म्हणजे खोलीत शंभर वॅटचा जुना पिवळा बल्ब अखंड जळत ठेवल्यासारखे. जर्मनीत जानेवारीत त्या उबेने हीटरचा भार तेवढाच हलका होतो. विदर्भात मे महिन्यात तीच उष्णता बाहेर काढायला कूलर किंवा एसी जास्त चालवावा लागतो. हे दान आहे, उरलेसुरले वाटणे नव्हे, एवढे मान्य केले की पुढचा प्रश्न आपल्याकडे जुनाच आहे: दान सत्पात्री आहे का?

त्याचे उत्तर कामाच्या घडणीत आहे. गावात श्रमदान असले की डोंगरउतारावर चर खणायला पाचशे माणसे एकाच वेळी लागू शकतात, कारण एकाच्या चराचे दुसऱ्याच्या चराशी काही अडत नाही. विहीर खणायची तर पाचशे माणसे येऊन उपयोग नाही. तळाशी दोघे-चौघेच उभे राहणार आणि वरचा थर निघाल्याशिवाय खालच्याला हात घालता येणार नाही. उद्याच्या पावसाचा अंदाज ही विहीर आहे. वातावरणाचा प्रत्येक चौकोन क्षणोक्षणी शेजारच्या चौकोनाची स्थिती विचारतो, म्हणून त्यासाठी पुण्याच्या आयआयटीएम या हवामानसंशोधन संस्थेत २०२४ साली सुरू झालेल्या ११.७७ पेटाफ्लॉप क्षमतेच्या ‘अर्क’सारखे, एकाच छताखाली घट्ट जोडलेले यंत्र हवे. पण गणिताची मांडणी बदलून विहिरीचे चर करता आले तर? ऑक्सफर्डच्या ‘क्लायमेटप्रेडिक्शन डॉट नेट’ने तेच केले. एक अंदाज हजार घरांत न वाटता प्रत्येक घराला थोडे वेगळे आकडे घातलेले अख्खे हवामान-प्रतिमान चालवायला दिले. कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर तापमान किती वाढेल, याची व्याप्ती २००५ साली ‘नेचर’मध्ये आली ती त्यातूनच.

याचा सर्वांत देखणा नमुना ‘फोल्डिंग अ‍ॅट होम’चा. विजय पांडे यांनी २००० साली स्टॅनफर्डमध्ये सुरू केलेला हा प्रकल्प प्रथिनांचे रेणू कसे हलतात, वळतात, उघडतात ते पाहतो. ही हालचाल संगणकात पावलापावलाने मोजावी लागते आणि एक पाऊल असते काही फेम्टोसेकंदांचे. एक फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या एक अब्जांशाचा दहा लाखावा भाग. मागचे पाऊल मोजल्याशिवाय पुढचे टाकता येत नाही, म्हणजे ही पक्की विहीर. त्यावर तोड निघाली ती संख्याशास्त्रातून. रेणूच्या हजारो वेगवेगळ्या स्थितींपासून छोट्या छोट्या फेऱ्या सुरू करायच्या, त्या घरोघरी वाटायच्या आणि एका स्थितीतून दुसरीत जाण्याची शक्यता काढून सगळ्यांचा एक नकाशा जुळवायचा. मार्च २०२०मध्ये लोक घरांत अडकले आणि सुमारे तीस हजार यंत्रांवर चाललेला हा प्रकल्प काही महिन्यांत दहा लाखांवर गेला. त्याची क्षमता एक एक्झाफ्लॉपच्या पुढे गेली. एकट्या महासंगणकाने, अमेरिकेतल्या ‘फ्रंटियर’ने, प्रमाणित चाचणीत हा टप्पा गाठला तो २०२२ साली, मोजण्याच्या पद्धती वेगळ्या असल्या तरी अंतर बोलके आहे. एवढे करून हाती काय आले? करोना विषाणूच्या प्रथिनांच्या हालचालींचा एकूण एक-दशांश सेकंद! त्यात विषाणूचा काटा किती फाकतो ते दिसले आणि औषधाला पकड मिळू शकेल अशा, स्थिर चित्रात न दिसणाऱ्या, छुप्या खाचाही दिसल्या.

आता कृत्रिम बुद्धिमत्ता प्रथिनांची रचना चुटकीसरशी सांगते, मग हा खटाटोप कशाला, असे विचारले जाते. आक्षेपात तथ्य आहे, पण अर्धे. ‘अल्फाफोल्ड’ रचना सांगते. ती रचना कशी हलते हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही. दुसरा आक्षेप विश्वासार्हतेचा: कुणाच्याही घरातल्या यंत्राचे उत्तर खरे कसे मानायचे? पुष्कळ प्रकल्प तोच तुकडा दोन अनोळखी घरांत पाठवतात आणि उत्तरे जुळली तरच घेतात. म्हणूनच ‘आइन्स्टाइन अ‍ॅट होम’ या खगोलशास्त्राच्या प्रकल्पातून २०१० साली सेकंदाला ४१ गिरक्या घेणारा पल्सार, म्हणजे फिरता न्यूट्रॉन तारा, सापडला, तेव्हा श्रेय आयोवातल्या एका दांपत्याला आणि जर्मनीतल्या माइन्झच्या एका गृहस्थाला असे दोन ठिकाणच्या सहभागींना मिळाले. तिसरा आक्षेप मला जास्त वजनाचा वाटतो: तेवढ्याच विजेत मोठे डेटा सेंटर जास्त गणित करते. खरे आहे. २०२४ साली सापडलेली ४,१०,२४,३२० अंकी मूळ संख्याही घरच्या संगणकाने नव्हे, भाड्याच्या ग्राफिक्स प्रोसेसरांनी शोधली. पण ते भाडे भरणारा कुणीतरी लागतो, आणि ज्या संशोधनातून लगेच पैसा दिसत नाही त्याला तो सहज मिळत नाही.

पात्रता कायमची नसते, हेही ध्यानात ठेवावे. ‘सेटी अ‍ॅट होम’ने मार्च २०२०च्या अखेरीस नवे तुकडे वाटणे स्वतःहूनच थांबवले; विश्लेषणापुरती आकडेमोड झाली होती, अडले होते ते निष्कर्ष तपासण्यापाशी. तेव्हा देणाऱ्याने अधूनमधून पाहावे की प्रकल्पातून शोधनिबंध निघतात का आणि निकाल सर्वांना खुले होतात का. सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या अधिकृत ठिकाणाहूनच घ्यावे, कचेरीच्या यंत्रावर परवानगीशिवाय टाकू नये, जुन्या लॅपटॉपला या कामाला लावू नये. यातले काही प्रकल्प ज्यावर चालतात त्या ‘बॉइंक’ या प्रणालीत तास आणि प्रोसेसरचा वाटा ठरवून देता येतो. थंडीच्या दिवसांत रात्रीचे चार तास पुष्कळ झाले.

महाराष्ट्राला या कामात अधिक जवळचे वाटावे असे एक कारण आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी ‘लायगो-इंडिया’ वेधशाळा उभी राहणार आहे. तिच्या अमेरिकेतल्या थोरल्या भावंडांची निरीक्षणे ‘आइन्स्टाइन अ‍ॅट होम’ २००५ पासून घरोघरी वाटत आले आहे. शोध आहे फिरत्या न्यूट्रॉन ताऱ्यातून अखंड निघणाऱ्या क्षीण लहरीचा. ती लहर अजून कोणत्याही संगणकाला, घरच्या किंवा प्रयोगशाळेतल्या, सापडलेली नाही.