जुनी टाकी, जिवंत फिल्टर

मोठा फिशटँक नवा घ्यायचा म्हटला की खिसा बराच हलका होतो. म्हणून पुष्कळजण जुना शोधतात. कुणाची बदली झालेली असते, कुणाचा मुलगा पुण्याला शिकायला गेलेला असतो, आणि बैठकीतली चार फुटी टाकी अडगळ होऊन बसते. मीही अशीच एक महाडात घेतली आणि टेम्पोत घालून पोलादपूरला आणली. त्या व्यवहारात एक चूक केली. ती पुढे सांगतोच.

आधी टाकीचे पाहू. चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकीत सुमारे २५० लिटर पाणी मावते. म्हणजे अडीचशे किलो नुसते पाणी. काच, वाळू, दगड धरले की वजन सव्वातीनशे-साडेतीनशेच्या घरात जाते. माडीवरच्या जुन्या लाकडी पाटणीवर हे ओझे ठेवू नये. तळमजला बरा म्हणावे, तर महाडच्या सखल भागात तळमजल्याचे काय होते ते जुलै २०२१च्या पुरानंतर कुणाला सांगायला नको. त्यामुळे जोते उंच असेल किंवा वर पक्का स्लॅब असेल, तरच मोठ्या टाकीच्या फंदात पडावे.

सौदा ठरण्याआधी विकणाऱ्याच्याच घरी पाणसळ लावून टाकी सपाट ठेवा, भरा आणि खाली कोरडे वर्तमानपत्र पसरून दोन दिवस थांबा. सांध्यातले सिलिकॉन नखाने सुटत असेल तर किंमत पाडा, नाहीतर सोडून द्या. जुन्या सिलिकॉनवर नवे नीट धरत नाही. सगळे खरवडून सांधे पुन्हा भरावे लागतात.

आता माझी चूक. घरी आणल्यावर फिल्टर उघडला, तर आत तपकिरी गाळ! मी स्पंज आणि सिरॅमिकच्या नळ्या नळाखाली धरून लख्ख धुतल्या. आठवड्याच्या आत दोन्ही ऑस्कर पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकू लागले. एक गेला.

तो गाळ म्हणजे घाण नव्हती. मासे कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतात. फिल्टरमधले जीवाणू त्याचे नायट्राइट करतात, आणि दुसरे जीवाणू त्याचे नायट्रेट. पहिली दोन रसायने माशांना विषारी, तिसरे बरेच सौम्य. नळाच्या क्लोरीनने मी ही सगळी वसाहतच मारली होती. ती नव्याने बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तेव्हा जुनी टाकी घेताना फिल्टरमधला माल त्याच टाकीच्या पाण्यात, उघड्या बादलीत, ओला ठेवून आणा आणि त्याच दिवशी सुरू करा. धुवायचाच झाला तर टाकीतून काढलेल्या पाण्यात हलकेच खळबळा. खरे तर काचेपेक्षा या गाळाचे पैसे जास्त द्यायला हवेत!

सिक्लिड हे नाव परके वाटते, पण बाजारातली चिलापी आणि खाडीतली कालुंदर याच कुळातल्या. ही मंडळी खादाड, म्हणून घाणही फार. शिवाय वाळू उकरायची खोड. त्यामुळे वाळूखाली बसवायचा प्लेटचा फिल्टर यांच्यासाठी निरुपयोगी. चार दिवसांत प्लेट उघडी पडते. २५० लिटरच्या टाकीला तासाला निदान हजार ते दीड हजार लिटर पाणी फिरवणारा पंप हवा. खोक्यावरचा आकडा फिल्टर भरल्यावर प्रत्यक्षात मिळत नाही, म्हणून थोडा मोठाच घ्या.

दुकानदार बंद डब्याचा कॅनिस्टर दाखवील. चांगली वस्तू आहे, पण आपल्याकडे पावसाळ्यात तारेवर झाड पडले की वीज तासन्‌तास येत नाही. बंद डब्यात प्राणवायू संपतो, जीवाणू गुदमरतात, आणि वीज आल्यावर तेच कुजके पाणी टाकीत येते. लांब खंडानंतर डब्यातले पाणी आधी ओतून द्यावे. मला विचाराल तर टाकीवर ठेवायचा साधा ट्रेचा फिल्टर आपल्याला सोयीचा. वीज गेली की त्यातले पाणी उतरते, माल ओलसर राहतो आणि त्याला हवा मिळते. जोडीला दोन स्पंज फिल्टर, इन्व्हर्टरवर चालणाऱ्या एअर पंपाला जोडलेले. हा पंप जेमतेम काही वॉट खातो.

आफ्रिकेतल्या मलावी सरोवराचे रंगीत सिक्लिड घेतलेत तर त्यांना जड पाणी लागते. पाणी मऊ असेल तर स्वच्छ धुतलेल्या शिंपल्या फिल्टरमध्ये टाका.

एक राहिले. ऑस्कर फूटभर वाढतो, आणि मग कंटाळून लोक त्याला नदीत सोडतात. चिलापी १९५२मध्ये भारतात आणली, आज ती उजनीच्या जाळ्यात ढिगाने येते. आपल्या महाड तालुक्यात काळ नदीवर वाळण कोंड आहे. तिथले महसीर गावाने देवाचे मासे म्हणून राखले आहेत. त्यांच्या नदीत आपले परके मासे नकोत. टाकी विकायची वेळ आली तर मासे आणि न धुतलेला फिल्टर, दोन्ही घेणाऱ्याच्या हवाली करा.